एक तोळ्याची गोळी की पाच तोळ्यांची?

समजा, पाच हजार किलोग्रॅम वजनाचा आफ्रिकी हत्ती सोंड उगारून तुमच्या अंगावर चालून येत आहे. तुमच्यापुढे दोन रायफली ठेवल्या आहेत. पहिलीतून सुटणारी गोळी जेमतेम एक तोळा वजनाची आहे, दुसरीतली पाच तोळ्यांची. तुम्ही कोणती उचलाल?

शंभरांतले नव्याण्णव जण दुसरीकडे हात नेतील, आणि त्यांची निवड चुकीची ठरणार नाही. तरीसुद्धा स्कॉटलंडचा डब्ल्यू. डी. एम. बेल (१८८०–१९५४) याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, आणि त्यांपैकी बहुसंख्य हत्ती एक तोळ्याच्या गोळीने मारले. हस्तिदंतासाठी झालेली ही हत्या आज कोणी कौतुकाने सांगणार नाही. पण त्यातून एक शास्त्रीय प्रश्न उभा राहतो. एक तोळ्याची गोळी पुरत असेल, तर पाच तोळ्यांची गोळी बनवली कशाला? आणि पाच तोळ्यांची खरोखर लागत असेल, तर बेलचे हत्ती पडले कसे?

याचे उत्तर शोधायला आठवी-नववीच्या पुस्तकातले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

ग्रेन, तोळा आणि बोअर

गोळीचे वजन ग्रेन या एककात सांगण्याची पद्धत आहे. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. एका पौंडात ७००० ग्रेन भरतात आणि एक ग्रेन सुमारे ०.०६५ ग्रॅम असतो. आपला जुना तोळा इंग्रजी अमदानीत १८३३ साली बरोबर १८० ग्रेनचा ठरवण्यात आला होता. सराफ हल्ली १० ग्रॅमला तोळा म्हणतात. तो जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता.

बेलच्या ७ मिलिमीटर रायफलीची गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे तोळ्याला किंचित कमी. ०.६०० नायट्रो एक्स्प्रेस नावाच्या अजस्र रायफलीची गोळी ९०० ग्रेनची, म्हणजे नेमकी पाच तोळ्यांची.

त्याही आधीच्या बंदुकांची मोजणी निराळी होती. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या जितक्या गोल गोळ्या होतील, तितक्या ‘बोअर’ची बंदूक. पौंडाच्या चार गोळ्या झाल्या, तर त्यांतली एक जिच्या नळीत बसेल ती चार बोअरची बंदूक. म्हणून बोअरचा आकडा जितका लहान, तितकी गोळी मोठी!

धुराचा जमाना

एकोणिसाव्या शतकात बंदुकीत काळी दारू वापरत. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे ते मिश्रण. ते जळताना धुराचा लोट उठे, आणि गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ४०० ते ५०० मीटरच्या पुढे नेणे अवघड जाई. वेग वाढत नसेल तर गोळीचा जोर वाढवायला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वजन वाढवणे. म्हणून शिकारी आठ बोअर, चार बोअर असे करत वर चढत गेले.

नाईल नदीचा शोधप्रवासी सॅम्युएल बेकर याच्याकडे तर अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकणारी बंदूक होती. तिला तो ‘बेबी’ म्हणे. या बाळाचा धक्का इतका जबर होता, की बार उडाला की बेकर भोवऱ्यासारखा गरकन फिरे. तिचा चाप ओढायला आपल्याला भीती वाटे, हे त्यानेच लिहून ठेवले आहे.

फ्रेडरिक सिलूस हा दुसरा नामांकित शिकारी १८७१ साली, विशीच्या आतबाहेर असताना, दक्षिण आफ्रिकेत उतरला. त्याने सुरुवातीची वर्षे चार बोअरच्या बंदुकीने हत्ती मारले. पुढे मात्र त्याने कबुली दिली, की त्या बंदुकांच्या धक्क्यांनी आपल्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम झाला आणि त्यामुळे आपली नेमबाजी जन्मभरासाठी बिघडली.

हे दोन अनुभव लक्षात ठेवा. धक्क्याचा हिशेब आपल्याला पुढे लागणार आहे.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येय याने धूरहीन दारू तयार केली. तिने गोळीचा वेग एकदम वाढला. मऊ शिशाची गोळी हा वेग सोसेना, म्हणून तिच्यावर कठीण धातूचे पातळ कवच चढवण्यात आले. १८९८ साली लंडनच्या रिग्बी यांनी ०.४५० नायट्रो एक्स्प्रेस रायफल काढली. ४८० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला ६५५ मीटर. चार बोअरच्या अवजड बंदुकांचे दिवस संपत आले.

गोळी हत्तीला ढकलून पाडते काय?

चित्रपटात गोळी लागलेला माणूस चार हात मागे फेकला जातो. हे खरे आहे का, ते गणिताने पाहू.

वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. पाच तोळ्यांची गोळी ५८.३ ग्रॅम, म्हणजे ०.०५८३ किलोग्रॅम. तिचा वेग सेकंदाला सुमारे ५९४ मीटर. गुणाकार केला की संवेग सुमारे ३५ एकके येतो. ही गोळी ५००० किलोग्रॅमच्या हत्तीत घुसून आत थांबली, असे समजा. संवेग अक्षय्य असतो, म्हणून:

हत्तीचा वेग = ३५ ÷ ५००० = सेकंदाला ०.००७ मीटर

म्हणजे सेकंदाला सात मिलिमीटर! मुंगीसुद्धा याहून जलद चालते. जगातल्या सर्वांत जबर रायफलींपैकी एकीची गोळी हत्तीला इतकेच ढकलू शकते.

न्यूटनचा तिसरा नियम आठवला तर यात नवल वाटणार नाही. गोळी पुढे जाताना जितका संवेग घेऊन जाते, तितकाच संवेग रायफलीला मागे मिळतो, आणि तो शिकाऱ्याच्या खांद्यावर येतो. गोळी हत्तीला उडवून लावण्याइतकी जोरकस असती, तर सत्तर किलोचा शिकारी आधी उडाला असता.

मग गोळीची ऊर्जा जाते कुठे? गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वरच्या गोळीची ऊर्जा सुमारे १०,३०० ज्यूल भरते. पन्नास किलोचे धान्याचे पोते एकवीस मीटर उंच उचलायला तेवढी ऊर्जा लागेल. पण हत्तीच्या शरीराला गती देण्यात त्यातला एक ज्यूलही खर्च होत नाही. जवळजवळ सगळी ऊर्जा कातडी फाडण्यात, हाड फोडण्यात, मांसातून वाट काढण्यात आणि शेवटी उष्णतेत जाते.

म्हणजे हत्ती ढकलल्यामुळे पडत नाही. गोळी मेंदूपर्यंत पोचली तर तो जागीच बसतो. हृदयापर्यंत किंवा फुफ्फुसापर्यंत पोचली तर काही अंतर धावून पडतो. कोठेच पोचली नाही तर तो पडत नाही. यावरून आपला प्रश्न बदलतो. ‘गोळी किती जोराने आदळते?’ हे न विचारता ‘गोळी किती खोल जाते?’ हे विचारायला हवे.

एक रायफल, तीन गोळ्या

१९१२ साली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कारखान्याने ०.३७५ बोअरची रायफल बाजारात आणली. तिच्यासाठी तीन वेगवेगळ्या वजनांच्या गोळ्या मिळत. तिन्ही एकाच नळीतून जाणाऱ्या, म्हणून जाडी सारखीच, साडेनऊ मिलिमीटर. फरक लांबीत आणि वजनात. त्या काळच्या आकड्यांवरून केलेला हिशेब असा:

२३५ ग्रेन (१५.२ ग्रॅम): वेग ८५३ मीटर, ऊर्जा ५५४० ज्यूल, संवेग १३.०
२७० ग्रेन (१७.५ ग्रॅम): वेग ८०८ मीटर, ऊर्जा ५७१० ज्यूल, संवेग १४.१
३०० ग्रेन (१९.४ ग्रॅम): वेग ७६२ मीटर, ऊर्जा ५६४० ज्यूल, संवेग १४.८

ऊर्जेचे आकडे पाहा. तिन्ही जवळजवळ सारखे! दारूचा जोर ठरलेला असल्यामुळे हलकी गोळी वेगाने जाते, जड गोळी हळू जाते, आणि ऊर्जेचे पारडे साधारण समतोल राहते. ऊर्जेवरूनच निवड करायची असती, तर कोणतीही गोळी चालली असती. पण हरणासारख्या हलक्या जनावरासाठी आणि दूरच्या नेमासाठी शिकारी २३५ ग्रेनची गोळी घेत, आणि रानरेडा किंवा हत्ती यांच्यासाठी न चुकता ३०० ग्रेनची. असे का?

लांब गोळी खोल का जाते?

गोळी शरीरात शिरते तेव्हा तिला होणारा विरोध तिच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. त्या विरोधाला न जुमानता पुढे जाण्याची चिकाटी तिच्या वस्तुमानावर अवलंबून असते. म्हणून वस्तुमानाला छेदाच्या क्षेत्रफळाने भागले, तर गोळीच्या घुसण्याच्या शक्तीचा चांगला अंदाज येतो. या भागाकाराला आपण ‘छेदभार’ म्हणू. तोंडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम वजन रेटा देत आहे, हे तो सांगतो.

वरच्या तीन गोळ्यांचे छेदभार अनुक्रमे २१.४, २४.६ आणि २७.३ येतात. सर्वांत जड गोळीमागे सर्वांत जास्त रेटा आहे.

करून पाहा: बांधकामाच्या एकाच जाडीच्या सळईचे दोन तुकडे कापून घ्या, एक ५ सेंटिमीटरचा आणि दुसरा १५ सेंटिमीटरचा. कडा घासून टोके सपाट करा. पसरट डब्यात कुंभाराची मऊ माती थापा. मीटरभर लांबीचा प्लॅस्टिकचा पाइप मातीवर उभा धरा आणि त्यातून एकेक तुकडा सोडा. दोन्ही तुकडे सारख्याच वेगाने मातीला भिडतात आणि दोघांची तोंडेही सारखीच असतात. मग पट्टीने खळग्यांची खोली मोजा. लांब तुकडा किती जास्त रुतला? (पाय डब्यापासून दूर ठेवा आणि प्रयोग शिक्षकांसमोर करा.)

आता बेलच्या गोळीकडे वळू. तिचे वजन ११.२ ग्रॅम, पण जाडी फक्त ७.२ मिलिमीटर. छेदाचे क्षेत्रफळ ०.४१ चौरस सेंटिमीटर. छेदभार येतो २७. म्हणजे ०.३७५ बोअरच्या सर्वांत जड गोळीइतकाच! पाच तोळ्यांच्या गोळीचा छेदभार सुमारे ३० आहे. वजनात पाचपट फरक, पण छेदभारात दहा टक्क्यांचाच.

आणि सिलूसच्या चार बोअरचा गोल गोळा? वजन ११३ ग्रॅम, जवळजवळ पावणेदहा तोळे. पण व्यास २७ मिलिमीटर. छेदभार निघतो अवघा २०. शिवाय त्याचा वेग बेलच्या गोळीच्या वेगाहून (सेकंदाला ७०० मीटर) बराच कमी. एक तोळ्याच्या सडसडीत गोळीने पावणेदहा तोळ्यांच्या गोळ्याला घुसण्यात मागे टाकले, त्याचे हे कारण आहे.

अर्थात पोचणे आणि योग्य ठिकाणी पोचणे यांत फरक आहे. हत्तीच्या कवटीचे हाड मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पोकळ्यांनी भरलेले असते, आणि सुमारे पाच किलोचा मेंदू त्या प्रचंड डोक्यात मागे आणि खालच्या बाजूला दडलेला असतो. बेलने मेलेल्या हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदूची जागा नीट अभ्यासली होती. त्याची लहान गोळी चालली, ती या शरीररचनेच्या ज्ञानामुळे आणि शांत हातामुळे.

मग जड रायफली निरर्थक होत्या का? तसे नाही. लहान गोळीचा नेम चार बोटे चुकला तर हत्ती तसाच पुढे येई. जड आणि जाड गोळी मेंदूच्या जवळून गेली तरी हत्ती काही काळ सुन्न होई, असा अनेक अनुभवी शिकाऱ्यांचा दाखला आहे. जॉन टेलर या शिकाऱ्याने १९४८ च्या आपल्या पुस्तकात वजन, वेग आणि जाडी यांचा गुणाकार करून गोळीच्या या ‘बधिर करण्याच्या’ शक्तीचे कोष्टक मांडले. त्यात पाच तोळ्यांची गोळी बेलच्या गोळीच्या नऊ-दहा पट ठरते. हे सूत्र अनुभवातून बसवलेले आहे. तो निसर्गनियम नव्हे. विज्ञानात असे ठोकताळे उपयोगी पडतात, पण त्यांची मर्यादा ओळखून ते वापरावे लागतात.

गोळीचे नाक आणि वजनाची मर्यादा

छेदभाराचा हिशेब गोळीचा आकार टिकला तरच खरा. गोळीच्या टोकाचे शिसे उघडे ठेवले, तर ते आदळताच छत्रीसारखे पसरते. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते, आणि छेदभार एकदम चौथाईवर येतो. वाघासारख्या मऊ कातडीच्या जनावरासाठी अशी मऊ नाकाची गोळी वापरत, कारण ती आतच थांबून सगळी ऊर्जा तिथे खर्च करते. हत्तीसाठी मात्र नाकापर्यंत पक्के कवच असलेली गोळीच लागे. हलकी आणि अतिवेगवान गोळी जाड हाडावर आदळली तर फुटूनही जाते. पाण्यावर हळू हात टेकवला तर तो अलगद आत जातो, पण जोराने थापट मारली तर तळहाताला झिणझिण्या येतात. वेग वाढला की विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

मग गोळी आणखी लांब, आणखी जड का करू नये? याला तीन अडथळे आहेत. पहिला, लांब गोळी हवेत कोलांट्या खाऊ नये म्हणून तिला भोवऱ्यासारखी अधिक गिरकी द्यावी लागते. नळीच्या आतील सर्पिल खाचा ठरलेल्या असल्याने ही गिरकी मनाजोगी वाढवता येत नाही. दुसरा, वजन वाढले की वेग घटतो, आणि मंद गोळी लांब पल्ल्यावर खूप खाली येते.

तिसरा अडथळा म्हणजे माणसाचा खांदा. पाच तोळ्यांच्या गोळीची रायफल सुमारे ७.३ किलो वजनाची असे. ३५ भागिले ७.३, म्हणजे ती सेकंदाला ४.८ मीटर वेगाने मागे येते आणि खांद्यावर ऐंशीहून अधिक ज्यूल ऊर्जा आदळवते. बेलची रायफल साडेतीन किलोची धरली, तर हाच आकडा नऊ ज्यूल येतो. (दारूच्या वायूंचा धक्का यात धरलेला नाही; तो आणखी वेगळा.) धक्क्याच्या धास्तीने चाप ओढतानाच ज्याचे डोळे मिटतात, त्याच्या हातात पाच तोळ्यांची गोळी वायाच जाणार. सिलूसचे दुखणे हेच होते.

चुकलेल्या गोळीची किंमत

१९०७ साली जिम कॉर्बेट यांनी कुमाऊँमधील चंपावत येथे एक नरभक्षक वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर नोंदले गेले होते. मेल्यावर तिचा जबडा तपासला, तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले आढळले. ती जुनी जखम बंदुकीच्या गोळीची होती. सुळे गेल्यामुळे तिला नेहमीचे भक्ष्य मारता येईना आणि ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष होता.

कोणीतरी कधीतरी एक बार टाकला, जनावर जखमी होऊन निसटले आणि त्याची किंमत गावोगावच्या लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बायकांनी व मुलांनी मोजली. कोणत्या जनावरावर किती वजनाची गोळी झाडावी, हा प्रश्न हौशी शिकाऱ्यांच्या गप्पांपुरता नव्हता, तो यामुळे.

तोच हिशेब, उलटा

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपले. जड गोळीची रायफल मात्र जगातून गेलेली नाही. आफ्रिकेतील अभयारण्यांत पर्यटकांना पायी जंगल दाखवणारे वाटाडे ०.३७५ किंवा त्याहून मोठ्या बोअरची रायफल खांद्याला लावून चालतात. ती झाडण्याची वेळ येऊ नये, यातच त्यांचे कसब असते.

पण या गणिताचा सर्वांत सुंदर उपयोग आज निराळ्याच बंदुकीत होतो. न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांनी १९५० च्या दशकात प्राण्याला दुरून गुंगीचे औषध टोचणारी बंदूक विकसित केली. तिच्यातून गोळीऐवजी औषधाने भरलेली पिचकारी सुटते. इथे प्रश्न तोच आहे: वजन किती आणि वेग किती? उत्तर मात्र नेमके उलटे हवे. सुईने कातडी भेदायची आणि तेथेच थांबायचे. समजा, पिचकारी २० ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला ६० मीटर आहे. तर तिची ऊर्जा अवघी ३६ ज्यूल होते. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होईल, पिचकारी मांसात रुतेल, कदाचित हाड मोडेल. म्हणून नेमबाज आधी अंतर पाहतो आणि त्याप्रमाणे वायूचा दाब कमी-जास्त करतो.

शिकारी ज्याला धोकादायक जनावरांत गणत, तो आपला गवा घ्या. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरचे जंगल एके काळी संस्थानिकांचे शिकारीचे रान होते. पुढे तेच गव्यांचे अभयारण्य झाले. मध्य प्रदेशातील बांधवगडमध्ये मात्र १९९८ पर्यंत गवे नाहीसे झाले. तेव्हा २०११ आणि २०१२ साली कान्हाच्या जंगलातील ५० गव्यांना अशाच पिचकाऱ्यांनी गुंगी देण्यात आली आणि वाहनांतून बांधवगडला नेऊन सोडण्यात आले. दक्षिण आफ्रिकेतील तज्ज्ञ त्यासाठी मदतीला आले होते.

ज्या जनावरासाठी पूर्वी शिकारी पावणेतीन तोळ्यांची गोळी भरत, ते आता काही मिलिग्रॅम औषधाने शांतपणे झोपते आणि दुसऱ्या जंगलात जागे होते. सूत्रे तीच, संवेगाची आणि ऊर्जेची. ती पूर्वी जीव घेण्यासाठी मांडली जात. आता जीव वाचवण्यासाठी मांडली जातात.